डोळे मिटणारी जुनी बाहुली? आधी पाण्यात घालू नका

माळ्यावरच्या पेटीतून जुनी बाहुली निघाली की पहिला मोह होतो तो साबणाच्या पाण्यात बुचकळून काढायचा. आडवी केल्यावर डोळे मिटणारी असेल, तर तेवढं मात्र करू नका. तिच्या डोळ्यामागे एक छोटं वजन आणि धातूची तार असते. पापणीच्या फटीतून पाणी आत गेलं की तारेला गंज चढतो, डोळा अर्धवट मिटून अडकतो आणि कोपऱ्यातून गालावर तांबूस ओघळ उतरतो. केस ओवलेल्या भोकांमधूनही पाणी आत झिरपतं. म्हणून चेहरा आणि टाळू घट्ट पिळलेल्या कापडाने नुसती पुसायची. केस लोंबते धरून फक्त खालचा भाग शाम्पूच्या कोमट पाण्यात बुडवायचा. नंतर कंडिशनर लावून 15-20 मिनिटं थांबायचं आणि टोकापासून सुरुवात करत वर विंचरत जायचं. मुळापासून ओढलंत तर केसांचे झुपके भोकांतून सुटून येतील.

डोकं काढायचं असेल तर आधी ऊब द्या. हेअर ड्रायर मध्यम आचेवर ठेवून गळ्याभोवती दोन-तीन मिनिटं फिरवा, कड मऊ लागली की डोकं हळूहळू फिरवत ओढा. थंड असताना जोर लावला की जुनं व्हिनाइल, म्हणजे बाहुलीचं मऊ प्लॅस्टिक, चरकन फाटतं. ती चीर फेविक्विकने जुळवू नये, जोड काचेसारखा कडक होतो, कड पांढुरकी पडते आणि पुढच्या वेळी शेजारीच तडकते.

बॉलपेनच्या रेघांचा विषय वेगळा. नेलपॉलिश रिमूव्हरने शाई निघत नाही, पसरते आणि पृष्ठभाग विरघळतो तो वेगळाच. मुरुमांसाठी मिळणारं 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल त्या रेघेपुरतंच लावा, वर क्लिंग रॅप (स्वयंपाकघरातला पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) चिकटवा आणि तीन-चार तास उन्हात ठेवा. मग पुसून पाहायचं, गरज असेल तर पुन्हा. जुनी शाई जायला पाच-सहा दिवसही लागतात. घाई करून जाड थर फासला की शाईबरोबर कातडीचा रंगही उडतो आणि निळ्या रेघेच्या जागी फिकट पट्टा राहतो. ओठ-गालांच्या रंगापासून जेल लांब ठेवा. कानातल्या पितळी टाचणीमुळे पडलेला हिरवा डाग मात्र या जेलने पूर्ण जाईलच असं नाही. टाचणी काढली तर निदान तो वाढायचा थांबतो.

अंग चिकट लागत असेल तर तो मळ नसतो. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला द्रव वर्षानुवर्षं बाहेर पाझरत असतो. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब कोमट पाण्यात टाकून त्यात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. काही महिन्यांनी पुन्हा चिकटपणा येणारच. टाल्कम पावडर तो झाकते, खोबरेल तेल त्यावर धूळ बसवतं. अशा अंगावर ऑइल पेंटही लावू नका, तो कधीच वाळत नाही. ओठ रंगवायचे तर ॲक्रिलिक, तेही पातळ, दोन थरांत.

हात-पाय लोंबत असतील तर बहुधा आतला रबर वाळून तुटलेला असतो. साधारण दीड फुटी बाहुलीला 3 मिमीचं गोल इलॅस्टिक दुहेरी करून पुरतं. इलॅस्टिक अडकवायच्या जुन्या धातूच्या आकड्यांवर गंज असेल तर ते आधी बदला, कारण गंजलेली कड नवं इलॅस्टिक कापते. ताण एवढाच हवा की हात वर केला तर तिथेच राहील. त्याहून जास्त ओढलंत तर खांद्याची खाच तडकते.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.