‘मॅग्नेट्रॉन गेला’ असं ऐकलं तरी मायक्रोवेव्ह लगेच टाकू नका

दिवा लागतो, प्लेट फिरते, पंखाही चालू असतो, पण वाटीतली आमटी गारच. अशा वेळी हमखास ऐकू येणारं निदान म्हणजे ‘मॅग्नेट्रॉन गेला, आता नवाच घ्या’. मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग. ते खरंही असेल, पण मोजून दाखवल्याशिवाय मान्य करू नका. मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्ट पुरवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, डायोड आणि बऱ्याच मॉडेलांत वेगळा हाय व्होल्टेज फ्यूज असतो. यातला डायोड किंवा फ्यूज उडाला तरी लक्षण हेच दिसतं, आणि हे दोन्ही भाग मॅग्नेट्रॉनपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. सुरू करताच मशीन नेहमीपेक्षा जड घुमत असेल, तर आधी डायोड आणि कपॅसिटरवर संशय घ्यावा.

तंत्रज्ञाला दोन आकडे विचारा. मॅग्नेट्रॉनच्या फिलामेंटचा (आतल्या तापणाऱ्या तारेचा) रोध १ ओहमच्या आत हवा, आणि फिलामेंट व बॉडी यांच्यात मीटरवर काहीच जोड दिसता कामा नये. डायोडच्या बाबतीत मात्र साधा मल्टिमीटर फसवतो. चांगला डायोडही त्यावर दोन्ही बाजूंनी तुटलेला दिसतो, म्हणून सोबत ९ व्होल्टची बॅटरी जोडून तपासावं लागतं. हे काम घरी करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

गरम होतं पण वेळ लागतो, अशी तक्रार असेल तर घरीच मोजता येतं. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, तापमान बघा, पूर्ण पॉवरवर २ मिनिटं चालवा, ढवळून पुन्हा तापमान घ्या. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की अंदाजे वॅट मिळतात. ८०० वॅटच्या मशीनमध्ये २० ते २३ अंश वाढ ठीक आहे. १४-१५ वरच अडत असेल तर मॅग्नेट्रॉन थकला असावा. पण ही चाचणी व्होल्टेज नीट असताना करा. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तिथे चांगला मॅग्नेट्रॉनही कमी तापवतो.

आत ठिणग्या उडत असतील तर मशीन बंद करा आणि आतल्या भिंतीवरचा मायका शीट (लहरी आत येण्याची जागा झाकणारा पातळ, पुठ्ठ्यासारखा तुकडा) बघा. त्यावर उडालेलं तेल जळून कोळसा होतो आणि तिथेच ठिणगी पडते. प्लग काढून शीट बदलणं सोपं आहे. मोठा शीट आणून जुन्याच्या मापाने कात्रीने कापला की झालं. प्लेट फिरत नसेल तर खालचा कपलर (मोटर आणि प्लेट जोडणारा तुकडा) किंवा छोटी मोटर बिघडलेली असते. दोन्ही किरकोळ.

दार उघडताना किंवा लावताना फ्यूज उडतो, हे लक्षण मात्र हलक्यात घेऊ नका. दाराचा मुख्य स्विच चिकटला की मशीन दार उघडं असताना चालू राहू नये म्हणून मॉनिटर स्विच मुद्दाम फ्यूज उडवतो. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं म्हणजे ती सुरक्षाच काढून टाकणं. दाराचे सगळे मायक्रोस्विच एकदम बदलून घ्या, ते महाग नसतात.

नवा कधी घ्यायचा? दार वाकलं, बिजागरी ढिली झाली, काचेमागची जाळी फाटली किंवा आतला पत्रा गंजून भोक पडलं, तर खर्चाचा हिशेब न करता. खाऱ्या हवेत, कोकणात आणि गोव्यात, हा गंज लवकर धरतो. दारापासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या आत हवी, आणि ती मीटरनेच कळते. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघण्याला काही अर्थ नाही.

बाकी प्रश्न पैशांचा. सोलो मशीनमध्ये (फक्त मायक्रोवेव्हने तापवणाऱ्या) मॅग्नेट्रॉन किंवा कंट्रोल पीसीबी (बटणांमागचा सर्किट बोर्ड) गेला आणि खर्च नव्याच्या निम्म्याजवळ पोचला, तर नवा घ्यावा. कन्व्हेक्शन मशीन (ओव्हनसारखं भाजणारं) नवं घेणं महाग, म्हणून त्यात तोच मॅग्नेट्रॉन बदलणं बहुधा परवडतं. त्याआधी वॉरंटी कार्ड काढा. अनेक कंपन्या मॅग्नेट्रॉनवर बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात.

जुना भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, एक्स्चेंजमध्ये किंवा ई-कचरा केंद्रात द्या. काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची पूड फुप्फुसांत गेली तर घातक ठरते.