चाळीस मिलिमीटर

दूधवाल्याच्या काळ्या सायकलच्या टायरवरची माती पुसली, की 28 × 1½ असे आकडे दिसतात. नीट पाहिलं तर बऱ्याचदा शेजारीच 40-635 असंही कोरलेलं सापडतं. चाळीस ही टायरची रुंदी. 635 हा रिमवर टायर जिथं बसतो तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. आता लाखभर रुपये मोजून घेतलेल्या एखाद्या ग्रॅव्हल बाइकचा, म्हणजे खडी-मुरमाच्या रस्त्यासाठी बनवलेल्या सायकलचा, टायर बघा. तिथं बहुधा 40-622 दिसेल. रिममध्ये 13 मिलिमीटरचा फरक, म्हणून एकीचा टायर दुसरीला चढत नाही. रुंदी मात्र तीच. रुंद टायर, लांबट फ्रेम, मागं ओझं पेलणारं कॅरिअर, खाली मुरमाचा रस्ता. हे सगळं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालूच होतं. फक्त त्या माणसाला गिअर नव्हते, आणि पावसात त्याचे रॉड ब्रेक नावापुरतेच लागायचे.

मला सायकल जुळवायची होती ती अशीच, सगळीकडे चालणारी. आठवडाभर ऑफिस, रविवारी कच्चा रस्ता, आणि सलग सुट्ट्या आल्या की चार कपडे बांधून कोकण. अशी सायकल कुठल्याच कामात पहिली येत नाही. डांबरावर रेसर पुढं जाते, दगडगोट्यांत एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल. माझी तक्रार नाही.

सायकल बघायला आलेला माणूस आधी ती दोन बोटांनी उचलून बघतो. वजन! मी फ्रेम शोधत होते तेव्हा वाकून मागचं चाक आणि फ्रेमच्या नळ्या यांच्यामधली फट बघत होते. दुकानदाराला वाटलं, मला काहीतरी तडा दिसतोय. पण सगळी मेख त्या फटीत आहे. चाळीसचा टायर बसून दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा मिलिमीटर उरले पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात तांबडी माती तिथं अडकते आणि चाक फिरायचं थांबतं. मडगार्ड लावायचं तर आणखी जागा हवी. हँडल, सीट, पायडल, गिअर सगळं पुढं बदलता येतं. फट वाढवता येत नाही. शेवटी एक जुनी स्टीलची फ्रेम मिळाली. रंग उडालेला, पण मागच्या चाकाच्या दांड्याजवळ कॅरिअरची आणि मडगार्डची भोकं शाबूत. त्यांत पाच मिलिमीटरचे बोल्ट बसतात आणि ते चार नंबरच्या एलन कीनं फिरतात. हल्लीच्या कितीतरी देखण्या फ्रेमना ही भोकंच नसतात. त्यावर सामान बांधायचं म्हणजे पट्ट्यांची कसरत.

जोडणी आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे केली. त्यांनी बीबी एक्सल (पायडल ज्यावर फिरतात तो दांडा) काढला, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, चाकांचा आऊट, म्हणजे डगमग, काढला. हे सगळं न बोलता. रेसरसारखं खाली वळलेलं हँडल हातात घेतल्यावर मात्र राहवलं नाही. "ताई, याला घंटी कुठं लावायची?" प्रश्न रास्त होता. घंटी लागली, जरा तिरकी. खरा घोळ ब्रेकचा असतो. वळलेल्या हँडलचे लिव्हर केबल कमी ओढतात, व्ही-ब्रेकला (दोन लांब हातांनी रिम दाबणाऱ्या ब्रेकला) ती जास्त लागते, त्यामुळे ही जोडी सरळ जमत नाही. आम्ही जुने कँटिलिव्हर ब्रेक बसवले, त्यांना कमी केबल पुरते.

गिअरच्या बाबतीत माझा हट्ट होता: पुढं 46 आणि 30 दात्यांच्या दोन चकत्या, मागं 11 ते 34. पुढं 30 आणि मागं 34 टाकलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरलाही थोडी कमीच सरकते. चालण्याइतकाच वेग, पण उतरावं लागत नाही. याला कमीपणा मानणारे लोक आहेत. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीनंही 1937 पर्यंत चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणाऱ्या गिअरना परवानगी दिली नव्हती. त्याच्या कितीतरी आधीपासून फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचे पॉल द विवी, 'वेलोसिओ' या नावानं, सामान्य माणसानं डोंगर चढायचा तर गिअर हवेत, असं आपल्या मासिकातून लिहीत होते. ताम्हिणी घाटात माझं मत त्यांच्याच बाजूनं पडतं.

हवेचंही असंच. माझ्या वजनाला चाळीसच्या टायरमध्ये 40-45 पीएसआय पुष्कळ होते. पेट्रोल पंपावरचा पोरगा अंगठ्यानं दाबतो आणि "कमी आहे" म्हणून आणखी मारायला निघतो, त्याला थांबवावं लागतं. टायर दगडगोट होईपर्यंत भरला तर खडीवर प्रत्येक दगड सायकलसकट आपल्याला वर फेकतो, आणि पुढं जायची ताकद उसळण्यात जाते. हवा थोडी कमी ठेवली की दगड टायरमध्येच जिरतो. खडकवासल्याहून निघणाऱ्या कालव्याच्या कडेनं, पाटाच्या मुरमाड वाटेवर गेलं की हे हाताच्या तळव्यांना कळतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि वाटेत बांधावर पसरलेली चारदोन शेरडं.

कोकणात मात्र सायकलची खरी परीक्षा होते. नकाशावर सागरी रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडी म्हणजे एक उतार आणि एक चढ. बागमांडल्याला जेट्टीवरून सायकल फेरीबोटीत चढवायची, पलीकडे वेसवीला उतरवायची, की चढ. वर सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, जांभ्याची लाल खडी, भणाणता वारा. मग पुन्हा खाली. दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, तोच खेळ. फेरीबोटीत गाड्यांच्या मधल्या बोळकांडीत सायकल उभी करावी लागते, आणि बोट हलली की ती धरून आपणही उभं राहायचं.

कारण हिला स्टँड नाही. टूरिंगवाली मंडळी स्टँडला हसतात: फुकट वजन, शिवाय फ्रेमची नळी चेपते. मला पटतंही. पण मामा प्रत्येक वेळी सायकल भिंतीला टेकवताना माझ्याकडे बघतात, आणि मागच्या महिन्यात त्यांनी न विचारता एक साइड स्टँड बाजूला काढून ठेवलाय. दीडशे रुपये म्हणाले.