जनसुनावणी नसते तेव्हा: किनाऱ्यावरच्या गृहप्रकल्पाची पर्यावरण तपासणी मागण्याचा अनुभव

किनाऱ्यावर मोठी वसाहत येतेय अशी कुणकुण लागली की गावात पहिला प्रश्न ठरलेला: जनसुनावणी कधी आहे? ती नसते. १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत इमारती आणि नगरवसाहती ८व्या नोंदीत येतात, आणि त्यांना जनसुनावणीतून सूट आहे. रासायनिक कारखान्याला मांडव घालून लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, पाचशे फ्लॅटना नाही. त्यामुळे या कामात आम्ही मोर्चापेक्षा कागदावर जास्त वेळ घातला, आणि तोही प्रकल्प तपासणाऱ्या राज्याच्या तज्ज्ञ समितीची बैठक बसायच्या आधी. बैठक झाल्यावर आलेली हरकत फाईलला लागते, निर्णयाला लागत नाही.

सुरुवात क्षेत्रफळाच्या बेरजेपासून करावी. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर झालं की राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाची मंजुरी लागते, दीड लाखाच्या वर गेलं की प्रकल्प नगरवसाहत ठरतो. मेख 'बांधीव' या शब्दाच्या व्याख्येत आहे. बिल्डर एफएसआयचा, म्हणजे चटई क्षेत्राचा आकडा पुढे करतो, समजा १३,००० चौरस मीटर. पण मंजुरीसाठी तळघर, पार्किंगचे मजले, जिने, लिफ्ट, सेवांच्या जागा असं सगळं छताखालचं क्षेत्र धरायचं असतं, आणि ते धरलं की १३,०००चे २१,००० सहज होतात. दुसरी युक्ती तुकडे पाडायची: शेजारशेजारच्या गटांवर तीन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने तीन 'छोटे' प्रकल्प. सातबाऱ्यावर नावं वेगळी दिसतात, म्हणून तिथेच थांबू नये. पोचरस्ता एकच आहे का, पाण्याची टाकी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र सामाईक आहे का, हे मंजूर आराखड्यात बघावं. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे टप्पे आणि आराखडे मिळतात. तीन अर्जांत एकच केंद्र दाखवलेलं सापडलं तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच करावा.

क्षेत्र २०,०००च्या आत असलं तरी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम, सुटत नाहीत, हे ग्रामपंचायतीलाही पुन्हापुन्हा सांगावं लागतं. पंचायतीची किंवा अकृषिक परवानगी म्हणजे सीआरझेडची परवानगी नव्हे. केरळमधल्या मरडूत स्थानिक संस्थेच्या परवान्यावर उभ्या राहिलेल्या चार इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ११ आणि १२ जानेवारी २०२०ला स्फोटकांनी पाडल्या गेल्या. सरपंचांशी बोलताना हे उदाहरण पर्यावरणावरच्या तासभर भाषणापेक्षा लवकर पोचतं.

आता नकाशा. सगळं प्रकरण शेवटी इथे येऊन थांबतं. सध्याची सीआरझेड अधिसूचना १८ जानेवारी २०१९ची, पण ती जिल्ह्याला लागू होते ती त्या अधिसूचनेखालचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर. म्हणून आपल्या जिल्ह्याचा मंजूर आराखडा कोणत्या अधिसूचनेखालचा, हे आधी तपासावं. २०११चे नियम आणि २०१९चे नियम यांची खिचडी केलेली हरकत पहिल्या उत्तरातच उडते. २०१९प्रमाणे ग्रामीण किनारा दोन भागांत आहे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, कमी असेल तर २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या भागात पडतात. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. अठरा मीटर रुंदीच्या खाडीला अठराच मीटर मिळतात, हे ऐकून लोक नाराज होतात, पण तिथे पन्नास मागून उपयोग नाही.

आराखड्याची सहज मिळणारी प्रत १:२५,००० प्रमाणाची असते. तिच्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. पन्नास मीटरचा पट्टा दोन मिलिमीटरचा, आणि छापलेली रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असली तर साडेबारा मीटर रेषेच्या शाईतच गेले. अशा नकाशावर इमारत आत की बाहेर हे कोणीही ठरवू शकत नाही, बिल्डरचा सल्लागारही नाही. म्हणून १:४,००० प्रमाणाचा, गट क्रमांक दाखवणारा आणि प्रकल्पाचा आराखडा वर चढवलेला नकाशा मागायचा. तो अधिकृत संस्थेनेच तयार केलेला असावा लागतो. तो हातात आला की भूमी अभिलेखाचा गटनकाशा त्याच मापात ट्रेसिंगवर काढून वर ठेवावा. गटाची हद्द सरकलेली असेल तर डोळ्यांना लगेच दिसते.

भरतीरेषा कुठे असायला हवी, यावर मात्र भांडू नये. पावसाळ्यातल्या वादळात पाणी कुंपणापर्यंत आल्याचे फोटो सगळेच जोडतात आणि ते दरवेळी बाजूला पडतात, कारण रेषा उधाणाच्या भरतीची धरतात, वादळात चढलेल्या लाटांची नाही. बोलायचं ते दोनच गोष्टींवर. प्रकल्पाच्या नकाशातली रेषा मंजूर आराखड्यातल्या रेषेशी जुळते का? आणि जमिनीवर असलेलं काय नकाशात नाही? वाळूच्या टेकड्या, कांदळवन, कासवांच्या विणीची पुळण, चिखलपट्टा हे सगळं सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात येतं. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये कांदळवनांबद्दल दिलेला निकाल इथे जरूर जोडावा.

पुरावा जमवताना फोटोवर अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटेल असं ॲप वापरावं. तिवर, चिपी या कांदळवनातल्या झाडांचे फोटो नुसते झुडपांचे न काढता पान, फळ आणि वर आलेली श्वसनमुळं दिसतील असे काढावेत, म्हणजे 'ती साधी झुडपं आहेत' हे उत्तर देता येत नाही. उपग्रहचित्रांत मागच्या वर्षांवर जाता येतं. कांदळवनाभोवती बहुभुज आखून त्याचं क्षेत्र दर वर्षाच्या चित्रात मोजावं. क्षेत्र अचानक घटलं असेल तर कधी, ते तारखेसह लिहावं. मर्यादवेलीने धरलेल्या टेकड्यांचा उभा छेद दोरी, पट्टी आणि पाण्याच्या नळीने काढता येतो. नांगर फिरवून सपाट केल्या की नंतर सिद्ध करायला काही उरत नाही. बिल्डरची जाहिरातही जपून ठेवावी. माहितीपत्रकात जी जागा 'समुद्राला लागून' असते तीच अर्जात किनाऱ्यापासून भलतीच लांब गेलेली असते.

कागद मिळवायला परिवेश हे पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं सरकारी संकेतस्थळ आणि माहितीचा अधिकार. परिवेशवर अर्ज, नकाशे आणि बैठकीची कार्यक्रमपत्रिका चढते. प्रस्ताव क्रमांक टिपून रोज बघायचं, कारण पत्रिका आणि बैठक यांत फार दिवस मिळत नाहीत. माहितीच्या अर्जाला महाराष्ट्रात १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे 'प्रकल्पाची सर्व माहिती' असा अर्ज परत येतो. नकाशासाठी एक, क्षेत्र विवरणासाठी एक, स्थळपाहणी अहवालासाठी एक असे वेगळे अर्ज करावेत. ३० दिवस थांबून पहिलं अपील.

हरकतीत पाणी आणि सांडपाण्याचा हिशेब हमखास असावा, कारण तिथे अर्ज सगळ्यांत कच्चा असतो. ३०० फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर: रोज २,०२,५०० लिटर. त्याचं सांडपाणी साधारण पावणेदोन लाख. शौचालयाच्या फ्लशला माणशी ४५ लिटर धरून ६७,५०० लिटर परत वापरता येतील. उरलेलं लाखभर लिटर अर्जात 'बागेला' म्हटलेलं असतं. जून ते सप्टेंबर कोकणातल्या बागेला कोण पाणी घालतं? मग ते जातं कुठे, हा एक प्रश्न समितीच्या इतिवृत्तात आला की उत्तर द्यावंच लागतं. पाणी आणणार कुठून, हेही विचारावं. किनाऱ्यालगत भूजल उपशावर निर्बंध आहेत, आणि आसपासच्या विहिरींची पातळी व क्षार मे महिन्यात मोजून ठेवलेले असतील तर मुद्दा हवेत राहत नाही.

पत्र दोन-तीन पानांचं पुरे. प्रत्येक मुद्द्याला अर्जातला पान क्रमांक, त्यापुढे आपला पुरावा, त्यापुढे मागणी. 'प्रकल्प रद्द करा' ही मागणी शेवटी असू द्यावी. आधी स्थळपाहणी, १:४,०००चा नकाशा आणि एकत्रित मूल्यांकन. प्रती राज्य तज्ज्ञ समिती, पर्यावरण प्राधिकरण, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी यांना. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय किनारा समितीत मच्छीमारांसह किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. त्यांना गाठून पाहणी मागवणं हा पुष्कळांना माहीत नसलेला रस्ता आहे. ईमेल तर करायचाच, शिवाय स्पीड पोस्ट, आणि हाती दिलं तर आवक क्रमांकासह पोच.

ग्रामसभेचा ठरावही जोडावा, पण 'ग्रामसभेचा विरोध आहे' एवढ्या एका ओळीला वजन नसतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे ओढली जाते, मासळी कुठे सुकते, होड्या कुठल्या गटात लावतात, वहिवाटीची पायवाट कुठून जाते हे गट क्रमांकांसह ठरावात लिहून घ्यावं. गणपूर्ती नोंदवलेली हवी, नाहीतर पुढे तोच ठराव आपल्यावर उलटतो.

एवढं करून बहुतेक वेळा प्रकल्प रद्द होत नाही. तो पुढे ढकलला जातो, जादा माहिती मागवली जाते, काही इमारती मागे सरकतात. बिल्डरचं सुधारित उत्तर परिवेशवर आलं की त्यावर पुन्हा मुद्देसूद लिहावं लागतं, आणि लोक दमतात ते नेमके इथे.

मंजुरी मिळालीच तर ती सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावी लागते, त्यातलं एक मराठी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे अपील करायला कलम १६प्रमाणे ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यानंतर एक दिवसही नाही. दिवस मोजायचे ते मंजुरी संकेतस्थळावर चढली किंवा जाहिरात आली, यातल्या सर्वांत आधीच्या तारखेपासून. आपल्याला कळलं त्या दिवसापासून नाही. मंजुरीविनाच काम सुरू झालं असेल तर कलम १४ लागतं, तिथे सहा महिने आणि वर ६० दिवस. मंजुरीतल्या अटींचा अनुपालन अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यातल्या सांडपाण्याच्या आकड्यांशी पावसाळ्यातले नाल्याच्या मुखाचे फोटो ताडून पाहावेत.