चार दारांची शेव्हरले आणि ‘उत्पादनाचं वर्ष’

नोंदणीच्या अर्जावर ‘उत्पादनाचं वर्ष’ असा एक रकाना आहे. त्यात जेमतेम चार आकडे बसतात. माझ्या पिकअपला तीन वर्षं लागू पडत होती. त्यातलं कुठलंही लिहिलं की खिडकीपलीकडचे साहेब अर्ज परत सरकवायचे. पुढे जे लिहितोय त्याला त्या रकान्यावरच्या रागाचा वास येईल, त्याला इलाज नाही.

गाडी जुनी शेव्हरले, पण चार दारांची. बघणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा, “दुर्मिळ मॉडेल आहे, जपून ठेवा.” दुर्मिळ कसलं! माझ्या गाडीच्या तोंडावर आहे तशी पाच आडव्या पट्ट्यांची जाळी कंपनीने १९४७ ते १९५३ या काळात लावली आणि तेव्हा शेव्हरलेच्या कारखान्यातून चार दारांची पिकअप निघतच नव्हती. इंटरनॅशनल हार्वेस्टर या दुसऱ्या कंपनीने १९५७ मध्ये ट्रॅव्हलेट नावाची मोठ्या केबिनची पिकअप काढली, तीही सुरुवातीला तीन दारांची. शेव्हरलेने कारखान्यातून चार दारं दिली ती थेट १९७३ मध्ये. म्हणजे कुणीतरी दोन केबिन कापून जोडलेल्या. छताचं आतलं अस्तर उचकटलं की आडवा वेल्डिंगचा सांधा बोटाला लागतो. जोडणाऱ्याचा हात मात्र चांगला होता, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

केबिनचं वर्ष पटकन निघालं. पुढच्या दारांना छोटी तिकोनी काच आहे, ती १९५१ ला आली. दाराची मूठ खाली दाबायची आहे. बटणाची मूठ आली १९५२ ला. दोन्ही एकत्र म्हणजे १९५१. दारं बदललेली असू शकतात, म्हणून नुसत्या दारांवर जाऊ नका. माझ्या बाबतीत ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या खांबावर धातूची छोटी पट्टी शाबूत होती. तिच्यावरच्या क्रमांकात ‘जेपी’ ही अक्षरं होती, म्हणजे १९५१ ची अर्ध्या टनाची (वजन वाहण्याच्या हिशेबाने) गाडी. जुन्या कागदावरही हाच क्रमांक होता. मला वाटलं, सुटलो.

खरी रखडपट्टी इथून सुरू झाली. कार्यालयाचं म्हणणं: पट्टी केबिनवर आहे, आम्हाला चासीवरचा (गाडीच्या खालच्या सांगाड्यावरचा) क्रमांक दाखवा. म्हणणं चुकीचं नाही. केबिन एका चासीवरून उचलून दुसऱ्या चासीवर ठेवली की पट्टीही तिच्यासोबत जाते आणि कागद मात्र जुनाच राहतो. पण क्रमांक कुठे शोधायचा हे कोणी सांगेना. एक साहेब म्हणाले, “पुढे असतो.” दुसरे म्हणाले, “मागे बघा.” तिसऱ्यांनी १९५१ च्या गाडीचं चित्र काढून दिलं आणि मी त्या चित्राबरहुकूम गाडीखाली पडून नसलेला क्रमांक शोधत बसलो. मधल्या काळात अर्जाची मुदत संपली, पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तोच रकाना.

शेवटी कार्यालयाचा नाद सोडला आणि गाडीलाच विचारलं. आधी चाकांचे नट मोजले. त्या काळच्या अर्ध्या टनाच्या शेव्हरलेला सहा नट असतात, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर. इथे पाच, पावणेपाच इंचाच्या वर्तुळावर. मग पुढे वाकून बघितलं. १९५१ च्या पिकअपला पुढे सरळ लोखंडी आस आणि पाटे असतात. इथे दोन्ही चाकं वेगवेगळी आणि मध्ये गुंडाळी स्प्रिंग. म्हणजे खालची चासी जुनी नाहीच! मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत फीत लावली. मूळ अर्ध्या टनाच्या पिकअपला, म्हणजे ३१०० मॉडेलला, ११६ इंच हवेत. इथे १२३ ला किंचित कमी. शेव्हरलेची एस-१० ही छोटी पिकअप १९८२ च्या मॉडेलपासून आली आणि तिच्या लांब केबिनच्या आवृत्तीचं हे माप १२२.९ इंच आहे. जुन्या केबिनखाली एस-१० घालणं हा हौशी लोकांचा आवडता उद्योग, कारण पुढची चाकं, स्टिअरिंग, ब्रेक सगळं एका फटक्यात सुधारतं. चार दारांना लांबी हवी म्हणून या पठ्ठ्याने लांबवाली निवडली, आणि मागचा हौदा त्या हिशेबाने आखूड केला. इथे मला त्या अनोळखी कारागिराचं कौतुक वाटलं, कबूल करतो.

चासी कुठली हे कळल्यावर क्रमांक कुठे शोधायचा तेही सुचलं. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत गाडीचा क्रमांक सतरा अक्षरांचा झाला आणि त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं. पूर्ण क्रमांक काचेखाली डॅशबोर्डवर असतो, आणि तो डॅशबोर्ड कधीच भंगारात गेलेला. चासीवर त्याच क्रमांकाचा शेवटचा तुकडा ठोकलेला असतो. केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत, डांबरासारख्या काळ्या लेपाखाली, तो मिळाला. वर्षाचं अक्षर ‘एफ’, म्हणजे १९८५.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: ग्राइंडर लावू नका. क्रमांक घासला गेला तर तुम्ही तो मुद्दाम मिटवला असंच समजलं जाणार. रंग काढायचं द्रावण, पितळी ब्रश आणि तिरपा टॉर्च एवढं पुरतं. अक्षरं दिसली की कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, फोटोपेक्षा छापेवर त्यांचा विश्वास जास्त. आणि दाराची जुनी पट्टी काढून चासीवर लावण्याचा सल्ला कुणी दिला (मला दिला गेला), तर त्या माणसापासून लांब राहा. क्रमांकाची पट्टी हलवणं बऱ्याच ठिकाणी सरळ गुन्हा आहे.

इंजिनाचं राहिलंच. मूळचं २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं, ते नव्हतंच. आत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, बसवलेलं. ब्लॉकच्या मागच्या कडेला, जिथे गिअरबॉक्स जुळतो तिथे, ओतकामाचा क्रमांक ३९७००१० होता, म्हणजे ३५० घनइंचाचं इंजिन. शेजारी ओतकामाची तारीख: अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. माझा आकडा २. दशक आपणच ठरवायचं असतं. हा ब्लॉक सत्तरच्या दशकातला, म्हणून १९७२. यात फार वेळ गेला नाही.

तर १९५१, १९७२, १९८५. तिन्ही घेऊन पुन्हा खिडकीवर गेलो. “एकच लिहा.” कुठलं? “तुमची गाडी, तुम्हाला माहीत.” तिथे मी आवाज चढवला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आवाज ऐकून आतून तपासनीस बाहेर आले. छाप बघितली, फीत स्वतः लावली, आणि अर्जाचा प्रकारच बदलला: ‘जुळवलेलं वाहन’. त्यात बॉडी, चासी आणि इंजिनाला वेगवेगळे रकाने होते! तो अर्ज तिथेच, त्याच टेबलाच्या खणात होता.

तेव्हा तुमच्याकडे अशी जोडगाडी असेल तर साधा अर्ज भरायच्या आधीच जुळवलेल्या वाहनाचा वेगळा अर्ज आहे का ते विचारा, आणि खिडकीवर न विचारता थेट तपासनिसांना विचारा. भागांच्या पावत्या असतील तर त्याही न्या. माझ्याकडे चासीची नव्हती, म्हणून आधी चोरीच्या नोंदींत क्रमांक तपासला गेला आणि मगच शिक्का पडला.