गांवकरमधला 'सी'

"बायलेचं पॅन कशाक? दुकान म्हजें न्ही?" हा प्रश्न आयकर रिटर्नांच्या 2025 च्या हंगामात मी किती जणांकडून ऐकला ते मोजलं नाही. डिचोलीच्या हार्डवेअरवाल्या काकांनी तो विचारला ती तारीख मात्र लक्षात आहे: 18 ऑगस्ट 2025, सोमवार. त्यांचं आणि काकींचं रिटर्न गेलं 15 सप्टेंबरच्या रात्री. मधले 28 दिवस मी काय केलं असं घरी विचारलं गेलं, तेव्हा मी म्हटलं, एका बाईचं माहेरचं आडनाव शोधत होते.

मी मूळची कुडाळची. आमच्याकडे नवऱ्याचं दुकान म्हणजे नवऱ्याचं उत्पन्न, विषय संपला. लग्न करून फोंड्यात आले, इथे लोकांची रिटर्नं भरायला लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठाने विचारलं होतं, "फायव्ह ए केलंस?" मला वाटलं बसचा नंबर असेल.

तर 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 5-ए. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार लग्न झालं आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला, की नवराबायकोची मालमत्ता सामायिक. मग उत्पन्नाचं काय? पगार ज्याचा त्याचा. बाकी सगळं, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, शेअर विकून झालेला नफा, बरोब्बर निम्मं निम्मं करून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. हे कलम 1994 च्या वित्त कायद्यानं घातलं आणि लागू केलं थेट 1963 पासून. गंमत म्हणजे कलमात संहितेचं साल 1860 छापलंय, संहिता आहे 1867 ची. आमच्या धंद्यात एका आकड्यासाठी नोटीस येते, आणि कायद्यात सात वर्षं इकडची तिकडे. हा विनोद आमच्यात दर जुलैमध्ये कोणी ना कोणी करतो आणि दर वर्षी आम्ही हसतो.

आमच्यात म्हणजे फोंड्याच्या तिस्कावर चहाला जमणारे चौघे. एक निवृत्त बँकवाले, एक सीएकडे आर्टिकलशिप (उमेदवारी) करणारा पोरगा, मी, आणि मडगावची मैत्रीण जी फोनवरूनच हजर असते. हंगामात दुपारी चारला पातळभाजी आणि पाव पुढ्यात आला की कामाचे सल्ले सुरू. बँकवाल्यांचं मत, एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची आपल्या व्यवहारांची यादी, हे शेजारणीसारखं आहे: सगळं माहीत, पण निम्मं चुकीचं, तरी तिला विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नये. पोरग्याचं म्हणणं, गिऱ्हाईक 'पाच मिनिटांचं काम' म्हणालं की दोन दिवस मोकळे ठेवायचे, आणि 'फाल्यां हाडटां' (उद्या आणतो) म्हणालं की आठवडा. चवथीच्या दिवसांत एकांनी व्याजाचा दाखला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पिशवीतून आणला. टीडीएसच्या, म्हणजे आधीच कापलेल्या कराच्या, रकमेवर नेमका तेलाचा डाग. मैत्रीण म्हणाली, तू नेवरी खाऊन टाक आणि आकडा 26-एएसमधून, खात्याच्या टीडीएसच्या तक्त्यातून, घे.

काकांचं काम वरवर सोपं होतं. हार्डवेअरचं दुकान, वर एक खोली भाड्यानं, दोघांच्या नावावर ठेवी. धरून चाला सगळं मिळून 10 लाख. आधी ज्यांच्याकडे जायचे त्यांनी सुगम, म्हणजे आयटीआर-4 भरून सगळं काकांच्या एकट्याच्या नावावर दाखवलं होतं. मुळात 5-ए लागलं की सहज, म्हणजे आयटीआर-1, चालत नाही आणि सुगमही नाही. धंदा असेल तर आयटीआर-3, नसेल तर आयटीआर-2. पगार आणि ठेवीचं थोडं व्याज एवढंच असलेला गोव्यातला विवाहित शिक्षकसुद्धा सहजमध्ये बसत नाही, हे त्याला पटवण्यात माझा निम्मा जुलै जातो.

मी काकांना कागदावर दाखवलं. 2024-25 च्या नव्या करपद्धतीनं 10 लाख एकट्याच्या नावावर घेतले तर उपकर धरून 52,000 रुपये कर. पाच-पाच केले तर त्या वर्षी असलेली 7 लाखांपर्यंतची सूट दोघांनाही मिळत होती, कर शून्य. काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षां...?" मी त्या वाक्याला उत्तर दिलं नाही. आधीच्या माणसाबद्दल बोलायचं नाही, हा तिस्कावरचा एकमेव नियम आहे.

रिटर्नमधल्या शेड्यूल 5-ए मध्ये जोडीदाराचं नाव आणि पॅन लागतं. काकींचं पॅन होतं. पण आधारशी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे निष्क्रिय. म्हणूनच बँकेनं त्यांच्या व्याजावर 10 ऐवजी 20 टक्के कापले होते. मुलानं जोडणीचे 1000 रुपये भरले, जोडणी झाली नाही. कारण पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. रिटर्न तरीही भरता आलं असतं, पण काकींचा परतावा अडकून पडला असता आणि आधारच्या ओटीपीवर पडताळणीही झाली नसती. मी हट्ट धरला की आधी नाव सुधारायचं. पॅनवर सासरचं नाव लावायला लग्नाचा दाखला पुरतो. दाखला आणा म्हटलं.

"दाखलो? सही जाल्ली मगो," काका म्हणाले. गोव्यात नोंदणी कचेरीत पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही, तेव्हा लग्न कायद्यानं पूर्ण. सही झाली हे काकांना पक्कं आठवत होतं. कुठे झाली ते नाही. त्यांचं म्हणणं डिचोली. काकी म्हणाल्या, नाही, माझ्या बाजूला. काका हट्टानं आधी डिचोलीला गेले, सापडली नाही, तीन दिवस गेले. इथेच सांगून ठेवते: घरात वाद असेल तर बाईची आठवण धरा. लग्नाची तारीख आणि जागा तिच्या लक्षात असते.

मग दुसऱ्या तालुक्यातली कचेरी. तिचं नाव घेत नाही, मला अजून तिथे जायचंय. पहिल्या दिवशी काका एकटे गेले. वर्ष सांगितलं, नोंदीचा नंबर विचारला, नंबर नाही म्हणून परत. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला, वही बांधणीला गेलीय. तिसऱ्या वेळी मी गेले, 25 ऑगस्टला, चवथीच्या आदल्या आदल्या दिवशी. खिडकीवर एक बाई माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान किती महाग झालंय ते फोनवर सांगत होत्या. मी उभी. माटोळीचं सगळं ऐकलं, तोरिंग मिळालं नाही हेही ऐकलं. फोन संपला. मला म्हणाल्या, सही करणारे साहेब रजेवर, चवथ झाल्यावर या. वही? वही आली होती बांधून. मग शोधून तरी ठेवा ना. "अर्ज दिल्याशिवाय शोधता येत नाही." अर्ज आधीच दिलाय, दोनदा. "तो पावतीसह?" पावती आहे. "ही झेरॉक्स आहे." मूळ तुमच्याच फायलीत लावलीय, बाई. फाईल? फाईल साहेबांच्या टेबलावर. साहेब रजेवर.

मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि मडगावला फोन लावला. ती पोट धरून हसली. मग कामाचं बोलली: मूळ पावती कधीच देऊ नको, झेरॉक्स दे, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घे. हे मी पंधरा वर्षं लोकांना सांगते. स्वतः विसरले.

27 ला चवथ. काकांच्या मुंबईच्या भावाची दीड दिवसांची गर्दी, मग सुट्ट्या. 1 सप्टेंबरला साहेब आले, वही निघाली, नोंद सापडली. मी इतकी खूश झाले की दाखला न वाचताच गाडीत ठेवला. फोंड्याला पोहोचल्यावर वाचला. काकींचं माहेरचं आडनाव गांवकर. पॅनवर इंग्रजीत शेवटचा 'क' के-नं लिहिलेला. दाखल्यावर तो सी-नं. पोर्तुगीज वळणाचं जुनं स्पेलिंग. गोव्यात नाईकाचे निदान दोन अवतार, परबाचेही तसेच, आणि एकाच घरात बापाचा 'क' वेगळा नि मुलाचा वेगळा. यंत्राला ते कसं कळणार? पॅनवरची के-वाली बाई आणि दाखल्यावरची सी-वाली बाई एकच, हे सिद्ध करायला नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं. तरी नशीब, काकींचं पहिलं नाव सासरी बदललं नव्हतं. ते बदललं असतं तर प्रकरण राजपत्रापर्यंत गेलं असतं, आणि मी बहुधा कुडाळला.

प्रतिज्ञापत्राला काकी स्वतः आल्या होत्या. सही करता करता म्हणाल्या, "हें अर्दें म्हजें आशिल्लें, तें माका आयज कळटा." काका खिडकीतून बाहेर बघत होते.

पॅनची दुरुस्ती 2 सप्टेंबरला टाकली, 11 ला नवीन नाव आलं, जोडणी पुन्हा टाकली, 13 ला झाली. बाकीचं रिटर्न मी एका दुपारात भरलं. त्यात सांगण्यासारखं एवढंच की टीडीएसचा भाग घाईत करू नका. काकांच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा अर्धा वाटा काकींच्या रिटर्नमध्ये घ्यायचा तर तिथे 'जोडीदार, 5-ए' असं निवडून काकांचं पॅन टाकावं लागतं. नाहीतर काकींच्या 26-एएसमध्ये तो आकडा नाही म्हणून तो नाकारला जातो. काकांच्या रिटर्नमध्येही तेवढाच आकडा काकींना दिलेला दिसला पाहिजे. म्हणून मी दोन्ही रिटर्नं दोन खिडक्यांत शेजारी उघडते, एकीत पैसा बदलला की दुसरीत लगेच. मागे एकदा एक रुपयाचा फरक राहिला होता. त्या रुपयानं मला तीन संध्याकाळी खाल्ल्या. आणि बँक खातं आधीच पडताळून ठेवा. पॅनचं नाव बदललं की हे पुन्हा बघावं लागतं.

15 तारखेला पोर्टल दुपारपासूनच दमलेलं. मूळ मुदत 31 जुलै, ती मे महिन्यातच 15 सप्टेंबर झाली होती, तरी सगळा गोवा (आणि सगळा देश) शेवटच्या दिवशी जागा झाला. रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी काकांचं गेलं. मग काकींचं. ओटीपी काकींच्या आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर कोणाचा? दुकानाचा. फोन दुकानात चार्जिंगला, दुकान बंद, किल्ली काकांच्या उशाखाली. काका उठले, मुलगा स्कूटरवर गेला, काकी माझ्याशी फोनवर. पहिला ओटीपी मुदत संपून गेला. दुसरा मुलानं काकींना सांगितला, काकींनी मला. सहा आकडे त्यांनी इतक्या सावकाश वाचले जसं देवाचं नाव घेतायत. 11.40 ला पडताळणी झाली. खरं तर पडताळणीला 30 दिवस असतात, त्याच रात्री करायची गरज नव्हती. पण 28 दिवसांनंतर मला ते प्रकरण उद्यावर ठेवून झोपायचं नव्हतं.

मध्यरात्र व्हायच्या थोडं आधी बातमी आली, मुदत एक दिवसानं वाढली, 16 पर्यंत. आर्टिकलशिपवाल्या पोरग्यानं फोन करून मला ही आनंदाची बातमी दिली. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

काकींच्या खात्यावर परतावा आला. त्यांनी स्वतः बँकेत जाऊन पासबुक छापून घेतलं आणि आधारचा मोबाईल नंबरही स्वतःचा करून घेतला, हे मला मुलाकडून कळलं. काका आता नव्या उत्साहानं सगळ्या नातेवाइकांना अर्ध्या-अर्ध्याचं गणित समजावतात, चुकीचं, पगारासकट. आता त्यांनी मेव्हण्याला पाठवलंय माझ्याकडे. मी पहिला प्रश्न विचारला, तुमची सही कुठल्या तालुक्यात झाली? ते म्हणाले, "फाल्यां सांगतां."