एका खात्याला एकच फोल्डर

सांगलीच्या मार्केट यार्डातील काही हळद व्यापाऱ्यांचे हिशेब ज्या कर सल्लागारांकडे लिहिले जातात, त्यांच्या कार्यालयातील लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. एका पेढीच्या दिवाणजींना बिले थेट सर्व्हरवर चढवता यावीत म्हणून मी त्यांना एसएफटीपीचे, म्हणजे सुरक्षितपणे फाइली पाठवण्याच्या सेवेचे, खाते उघडून दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "साहेब, मला शेजारच्या गाळ्याची बिलंपण दिसतायत." त्यांनी ती उघडली नाहीत आणि लगेच कळवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. एकाच सौद्यात बोली लावणाऱ्या दोन पेढ्यांचे भाव आणि उधारी एकमेकींना दिसणे ही किरकोळ बाब नव्हे. चूक पूर्णपणे माझी होती. मी त्यांच्या फोल्डरची परवानगी पाहिली, इतरांच्या फोल्डरची पाहिली नाही.

ते सगळे फोल्डर ७५५ परवानगीचे होते, म्हणजे मालकाखेरीज इतर कोणालाही आतली यादी वाचता येत होती आणि आत शिरताही येत होते. हे दोन अधिकार वेगळे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: वाचण्याचा अधिकार काढून शिरण्याचा ठेवला, तर यादी दिसत नाही, पण फाइलचे नाव ठाऊक असलेल्याला ती फाइल उघडता येऊ शकते. म्हणून मी प्रत्येक पेढीचा वेगळा गट करून परवानगी ७५० केली, म्हणजे मालक आणि त्याचा गट यांखेरीज इतरांना ना यादी दिसावी, ना आत शिरता यावे.

तरीही इतर पेढ्यांची नावे दिसतच होती. त्यावर उपाय म्हणजे चेंज रूट, ज्यात वापरकर्त्याला त्याचा फोल्डर हाच सर्व्हरचा मूळ फोल्डर वाटतो. दूरवरून सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००८ पासून आहे. त्या गटाला केवळ त्यातली अंतर्गत एसएफटीपी चालेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे त्याच कनेक्शनमधून दुसऱ्या सेवांपर्यंत वाट काढणे, बंद राहील, अशा ओळी मी सेटिंगमध्ये घातल्या. पण दिवाणजींचे कनेक्शन जोडताच तुटू लागले. कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींत, सापडले. मूळ फोल्डरपासून त्या फोल्डरपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरची मालकी रूटकडेच, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याकडेच, असावी लागते आणि तेथे दुसऱ्या कोणालाही लिहिण्याचा अधिकार असून चालत नाही, तर मी तो फोल्डर दिवाणजींच्याच मालकीचा करून ठेवला होता. मालकी रूटला दिली आणि आत 'बिले' नावाचा, त्यांच्या मालकीचा फोल्डर केला, तेव्हा काम सुरळीत झाले. कोऱ्या नमुन्यांच्या सामायिक फोल्डरकडे नेणारी सिमलिंक (एक प्रकारचा शॉर्टकट) मात्र आतून चालेना, कारण ती चौकटीबाहेरची वाट दाखवत होती. तेथे बाइंड माउंट करून, म्हणजे तोच फोल्डर चौकटीच्या आत जोडून, तो केवळ वाचण्यापुरता ठेवला.

सेटिंग बदलताना मी स्वतःचे एक कनेक्शन उघडे ठेवले होते आणि सेवा पुन्हा सुरू करण्याआधी फाइल तपासून घेतली होती, कारण तेथे एखादी ओळ चुकली तर दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याची वाटच बंद होऊ शकते. नंतर चाचणीचे खाते त्याच गटात घालून वर जाण्याचा, शेजारचा फोल्डर उघडण्याचा आणि शेल, म्हणजे सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सोय, मिळवण्याचा प्रयत्न केला, तिन्ही अडले. बॅकअपच्या डिस्कवरील प्रती मात्र अजूनही ७५५ च होत्या आणि कार्यालयातील प्रत्येक खात्याला उघड्या होत्या. त्या डिस्कवरचा मुख्य फोल्डर आज मी रूटच्या मालकीचा करून ७०० केला, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही तो उघडता येऊ नये.