तुम्ही विचारलंत म्हणून: बारावीचं इकॉनॉमिक्स एफवायला कामाला येतं का?

प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास गाठतो. कॉलेजच्या ऑफिसबाहेर, एसटी स्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. मुलगी शेजारी गप्प उभी असते आणि वडील विचारतात, ‘‘मॅडम, हिला बारावीला इकॉनॉमिक्स होतं, ऐंशीच्या वर मार्क आहेत. एफवायला त्याचा उपयोग होईल ना?’’ त्यांच्या मागे सायन्समधून आलेला एखादा मुलगा असतो, त्याचा प्रश्न नेमका उलटा. ‘‘मला इको नव्हतंच कधी. मी मागे पडेन का?’’

नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी आधी अकरा वर्षं ज्युनिअरला शिकवलं, मग सिनिअरला आले. बारावीला मीच शिकवलेली मुलं दोन-तीन महिन्यांनी एफवायच्या बाकावर पुन्हा माझ्यासमोर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना काय आठवतं, काय पुसलं गेलं, कुठे अडतं, हे जवळून बघायला मिळालं. म्हणून या प्रश्नाला उभ्या उभ्या ‘हो, होईल की’ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

उपयोग होतो. पण तो मार्कांच्या हिशेबात होत नाही. बारावीला नव्वद मिळवलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला चाचपडते आणि साठवाला सरळ पुढे जातो, असं मी अनेकदा पाहिलंय. दोघांत फरक कशाचा असतो, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते तो चार शब्दांचा आहे : ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’.

बारावीचं पुस्तक ज्यांनी उघडलंय त्यांना हे शब्द पाठ असतील. मागणीचा नियम सांगताना ते लिहायचे, पुरवठ्याचा नियम सांगताना लिहायचे, घटत्या सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्तातही (एकामागून एक नग घेत गेलं की पुढच्या नगाचं समाधान कमी होत जातं) लिहायचे. नाही लिहिले तर मार्क जातो, म्हणून मुलं ते लिहितात. मी ज्युनिअरला होते तेव्हा मीही वर्गात हेच बजावायची, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. कारण मुलांच्या मनात ते शब्द श्लोकाच्या सुरुवातीच्या ‘ॐ’सारखे बसतात. नियमाचा सगळा अर्थ त्या शब्दांत आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि विद्यापीठातलं पहिलं वर्ष जवळजवळ सगळं याच एका प्रश्नावर उभं असतं : ती ‘इतर परिस्थिती’ हलली, तर काय होतं?

एक प्रसंग सांगते. एफवायच्या वर्गात मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे चालू होतं. निफाडकडची एक मुलगी, घरचा कांदा, उठून म्हणाली, ‘‘मॅडम, यंदा आमच्याकडे पीक जास्त आलं आणि पप्पांच्या हातात पैसे कमी आले. असं कसं?’’ हीच मुलगी बारावीच्या पेपरात लिहून आली होती की कांद्यासारख्या जीवनावश्यक वस्तूंची मागणी कमी लवचीक असते. उत्तर तिच्याकडे होतं. फक्त ते आपल्या वडिलांच्या लिलावाच्या पावतीबद्दल आहे, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

मग आम्ही फळ्यावर आकडे मांडले. समजा, बाजारात 100 क्विंटल कांदा आला आणि 2,000 रुपये क्विंटलने गेला, तर सगळ्यांचे मिळून दोन लाख झाले. पुढच्या वर्षी 120 क्विंटल आला. माणूस भाव उतरला म्हणून दुप्पट कांदा खात नाही, त्यामुळे वाढलेला माल खपायला भाव बराच पडावा लागतो. समजा 1,200 वर आला. 120 गुणिले 1,200, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. माल वाढला, पैसा घटला. भाव बदलल्यावर एकूण खर्च वाढतो की घटतो यावरून लवचिकता ओळखायची, असं बारावीला ‘एकूण खर्च पद्धत’ म्हणून जे तीन ओळींचं टिपण असतं, ते हेच. वर्ग शांत झाला होता. त्या शांततेत मला कळलं की ज्युनिअरला अकरा वर्षं मी हे टिपण लासलगावचं नावही न घेता लिहून दिलं होतं. आमच्यापासून लासलगावचा बाजार तासाभरावर आहे, आणि देशभरातले लोक कांद्याचा भाव विचारायला तिकडे बघतात.

तिथूनच ‘इतर परिस्थिती’ही उलगडत जाते. बारावीला ‘फरक स्पष्ट करा’मध्ये मागणीचा संकोच आणि मागणीतील ऱ्हास हा प्रश्न असतो. भाव वाढला म्हणून मागणी कमी झाली तर संकोच, आपण भाव आणि मागणी दाखवणाऱ्या त्याच वक्रावर वर सरकतो. भाव तोच असताना दुसऱ्याच कारणाने मागणी कमी झाली तर ऱ्हास, अख्खा वक्र डावीकडे जातो. मुलं हे रकाने करून पाठ करतात आणि पंधरा दिवसांत त्यांची अदलाबदल होते. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली आणि आमच्या भागात लिलाव बंद पडले. त्या वर्षीच्या वर्गाला मी एवढंच विचारलं, ‘‘परदेशी गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. हा संकोच की ऱ्हास?’’ त्यानंतर त्या वर्गात कुणीही या दोन शब्दांची गल्लत केली नाही. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या जागेत) ठेवला तर तो साठा, ट्रॅक्टरमध्ये भरून लिलावाला आणला तर पुरवठा, हेही बारावीच्याच धड्यात आहे. ते या मुलांच्या अंगणात आहे, आणि तरी आपण त्यांच्याकडून ते व्याख्या म्हणून घोकून घेतो.

तेव्हा बारावीला ज्याने हे एकदा जरी आपल्या घराशी लावून पाहिलं, त्याला एफवायला खूप मदत होते. ज्याने नुसतं पाठ केलं, त्याचं थोडं नुकसानच होतं, कारण त्याला वाटतं की हे मला येतं. पहिला महिना तो मागच्या बाकावर निवांत असतो. शब्द सगळे ओळखीचे : उपयोगिता, मागणी, पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी. मग समवृत्ती वक्र येतात, म्हणजे सारखंच समाधान देणारे वस्तूंचे संच जोडणाऱ्या रेषा, आणि जमीन हलते. बारावीला उपयोगिता मोजली जाते, पहिल्या नगाला दहा, दुसऱ्याला आठ, असा तक्ता असतो. ही इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शलची वाट, त्याचा ग्रंथ 1890 चा. विद्यापीठात सांगतात की समाधान असं अंकांत मोजायची गरजच नाही, कोणता संच जास्त आवडतो एवढा क्रम सांगता आला तरी पुरे. ही हिक्स आणि ॲलन या अर्थशास्त्रज्ञांची 1934 ची मांडणी. ‘मग आम्ही बारावीला शिकलो ते चूक होतं का?’ हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि ज्या वर्षी तो कुणी विचारत नाही त्या वर्षी मला काळजी वाटते. चूक नव्हतं. पण गिफेनचा विरोधाभास, म्हणजे हलक्या वस्तूचा भाव वाढूनही तिची मागणी वाढणं, बारावीला ‘नियमाचे अपवाद’ या यादीत एक ओळ म्हणून भेटतो. तो का घडतो, हे कळायला भाव वाढल्याचा परिणाम दोन भागांत तोडावा लागतो : एक, ती वस्तू इतरांच्या मानाने महाग झाली, दोन, खिशातला पैसा अपुरा पडू लागला. हे तोडायचं हत्यार एफवायलाच हातात येतं.

सायन्सवाल्यांचं वेगळं. त्यांना पहिले दोन महिने शब्द जड जातात, पण गणित हाताशी असतं. मागणी = 100 − 2 × किंमत, असं समीकरण दिलं की ते रेषा काढून मोकळे होतात. आर्ट्सच्या मुलीने दहावीनंतर गणिताची वही मिटलेली असते, ती इथे अडते. याच रेषेवर किंमत 10 असताना लवचिकता पाव येते, 25 ला एक आणि 40 ला चार. उतार तोच, लवचिकता वेगळी. बारावीची बिंदू पद्धत हेच सांगत होती, रेषेचा त्या बिंदूखालचा भाग भागिले वरचा भाग. पण त्यामागचं गणित दिसत नव्हतं. उलट सीमान्त उपयोगिता काढायला सांगितली तर सायन्सचा मुलगा डेरिव्हेटिव्ह घेऊन क्षणात उत्तर देतो. ‘‘काय काढलंस ते एका वाक्यात सांग’’ म्हटलं की गप्प. तेव्हा तीच आर्ट्सची मुलगी सांगते, ‘‘शेवटच्या नगाने एकूण समाधानात किती भर घातली, ते.’’ मी अशा दोघांना एका बाकावर बसवते. दिवाळीपर्यंत दोघं बऱ्यापैकी एका पातळीवर येतात. तेव्हा बारावीला इकॉनॉमिक्स नसलेल्यांनी घाबरू नये, आणि असलेल्यांनी सुट्टीत दहावीच्या गणितातली रेषेची समीकरणं आणि आलेख पुन्हा करावेत. सरळ रेषेचा उतार काढता आला तरी निम्मी भीती जाते.

भाषेबद्दल मला जास्त कळकळीनं सांगायचंय, कारण ते मी स्वतः सोसलंय. मी बारावी मराठी माध्यमातून केली आणि बीएला पुण्यात इंग्रजी वर्गात जाऊन बसले. सरांनी ‘मार्जिनल युटिलिटी’ म्हटलं. ‘मार्जिनल’ हा शब्द मी त्याआधी एकाच ठिकाणी पाहिला होता, घरी आलेल्या बँकेच्या फॉर्मवर, ‘मार्जिनल फार्मर’. म्हणजे एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी. म्हणून मार्जिनल युटिलिटी म्हणजे अगदी थोडीशी उपयोगिता, असं मी कितीतरी आठवडे समजत होते. ही तर आपली सीमान्त उपयोगिता, जिचा वक्र मी वीस-पंचवीस वेळा काढलाय, हे कळलं तेव्हा मला रडू आलं. विषय येत होता. फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. म्हणून माध्यम बदलणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते : वहीची दोन पानं आखा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि बारावीचं पुस्तक पहिल्या धड्यापासून त्या डोळ्यांनी चाळा. आठवड्याचं काम आहे. याच्याइतका बारावीच्या पुस्तकाचा दुसरा रोख उपयोग मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक पालक विचारतच नाहीत : अकरावीचं काय? अकरावी म्हणजे बोर्डाचं वर्ष नाही, म्हणून ते पुस्तक कोरं राहतं. त्यात महाराष्ट्राची अर्थव्यवस्था आहे, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य, 1991 नंतरचं धोरण आणि नियोजन आहे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्राआधी भारतीय अर्थव्यवस्थाच शिकवतात, तेव्हा बारावीपेक्षा अकरावी जास्त कामाला येते. शिवाय ते आपल्या मातीतलं आहे. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली, महाराष्ट्राने 1977 मध्ये तिचा कायदा केला, आणि देशाचा कायदा 2005 मध्ये आला. बारावीला राष्ट्रीय उत्पन्न समितीची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, वस्तू आणि सेवांची दुहेरी गणना न करता केलेली मोजणी. 1949 च्या त्या समितीचे अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस होते आणि एक सदस्य धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. हे वर्गात सांगितलं की मुलं जरा सरसावून बसतात. व्याख्या कुणा माणसाने, कशासाठी केली, हे दिसतं आणि मग ‘दुहेरी गणना’ हा शब्द नुसता शब्द राहत नाही. ऊस, साखर आणि पेढा तिन्ही मोजले तर काय होईल, हे ती आपणहून बोलू लागतात.

म्हणून तुमच्या मुलीने काय करावं, असं विचाराल तर : मार्कलिस्ट बाजूला ठेवून तिला मागणीचा नियम सांगायला लावा. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ म्हणाली की तिथेच थांबवा आणि विचारा, इतर म्हणजे काय काय? उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूंचे भाव, असं ती म्हणू लागली आणि त्यातलं एखादं आपल्या घरातलं उदाहरण देऊ शकली, तर तिची तयारी चांगली आहे. नाही जमलं तरी बिघडत नाही, कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे. आणि अकरावीचं पुस्तक एव्हाना शेजारच्या मुलाला देऊन टाकलं असेल, तर तेवढं परत मागून आणा.